‘पाणी ३२ अंशांवर न्या, मासा बरा होतो’: या संदेशात काय चुकतं

शोभिवंत मासे आणि तिलापिया पाळणाऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरतोय: ‘मासा आजारी पडला की पाणी ३२ अंश सेल्सिअसवर न्या. हीट शॉक प्रथिनं तयार होतात आणि जंतू मारतात. औषध नको.’ यातलं खरं एवढंच, की ताण पडला की ही प्रथिनं वाढतात.

‘जंतू मारतात.’ नाही मारत. एचएसपी७०, एचएसपी९० ही हीट शॉक प्रथिनं मुख्यतः पेशीच्या आत राबतात. उष्णतेनं उलगडलेल्या इतर प्रथिनांची घडी बसवायची, न बसणारी मोडीत काढायची, हे त्यांचं काम. जंतूंचा समाचार घेतात ते लायसोझाइम (जिवाणूंची भिंत फोडणारं विकर), जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आणि प्रतिपिंडं. शिवाय जिवाणूंकडेही स्वतःची हीट शॉक प्रथिनं असतात, आणि पाणी तापवलं की तीही वाढतात. ही बाजू संदेशात सोयीस्करपणे गळते.

‘प्रथिनं वाढली, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली.’ संसर्ग झालेल्या माशाच्या ऊतींत ती औषधपाण्याआधीच वाढलेली सापडतात. पेशींचं नुकसान होतंय, एवढंच त्यावरून कळतं.

‘३२ अंश सगळ्यांना लागू.’ मासा आधी किती तापमानाला रुळलाय, त्यावर धक्का ठरतो. तिलापिया २८ ते ३२ अंशांत मजेत वाढतो, म्हणजे त्याला हा धक्काच नाही. ट्राउट मात्र तिथवर जगतच नाही. आणि तिलापियाचा मोठा शत्रू, स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिई हा जिवाणू, गरम पाण्यातच फोफावतो. तिथे पाणी तापवणं म्हणजे रोगाला पाट बसायला देणं. त्याऐवजी खाद्य कमी करा, हवा वाढवा, मेलेले मासे लगेच काढा.

पाण्याचंही गणित बिघडतं. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ला ७.३. सामू (पीएच) ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी हिस्सा ५.४ टक्क्यांवरून ८.४ वर जातो. कल्ले आधीच सुजलेल्या माशाला हे दोन्ही एकदम झेपत नाही.

‘पण पांढरे ठिपके तर जातात!’ बरेचदा जातात, पण कारण वेगळं आहे. हे ठिपके पाडणारा इक हा परजीवी कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. पाण्यात मोकळा पोहताना मरतो. उष्णतेनं त्याचं चक्र भरभर फिरतं, आणि ३० अंशांना त्याच्या बऱ्याच वाणांची वाढ खुंटते. करायचं असेल तर तासाला १ अंशाहून जास्त चढवू नका, ३०वर थांबा, एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) वाढवा आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही काही दिवस तापमान तसंच ठेवा. ही उष्णता सोसणारे मासे असतील तरच.

कोई या शोभिवंत कार्प माशाला होणाऱ्या कोई हर्पीस या विषाणूजन्य रोगाचंही तसंच. ३० अंशांच्या वर विषाणूची वाढ थांबते, मर थांबते, पण विषाणू माशात दडून राहतो. पाणी पुन्हा २८च्या खाली आलं की तो उसळू शकतो, म्हणून वाचलेला कोई नव्या माशांत सोडू नये.