टांग न मारता बसता येणाऱ्या सायकली

एका वयानंतर गुडघा टांग मारू देत नाही, मनगटं हँडलचा भार घेत नाहीत, आणि सीटबद्दल बुडाचं म्हणणं चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. मग माणूस जगावेगळ्या सायकलींची चित्रं बघू लागतो. माझ्या मते या सायकली खरोखर उपयोगी असतात, फक्त एक दुखणं घेऊन दुसरं देतात.

तीनचाकीचंच बघा. ‘ही पडत नाही’ म्हणतात. उभी असताना नाही पडत. पण दोनचाकीवर हाडं मुरलेला माणूस वळायचं म्हणून सवयीनं सायकल आत झुकवायला जातो. मागची दोन चाकं जमिनीला चिकटलेली, ती कसली झुकतात! हँडल सरळच राहतं आणि स्वारी थेट कुंपणाच्या भेटीला. घाबरून हँडल हिसडलं की आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत. ज्यानं जन्मात सायकल चालवली नाही, तो मात्र हिच्यावर पाच मिनिटांत रुळतो. हा अन्याय मला अजून पचलेला नाही. उपाय असा: मोकळं मैदान, चालण्याचा वेग, हँडल ठरवून वळवायचं आणि धड वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं. ओझं टोपलीच्या तळाशी. रस्ता कडेला उतरता असेल तर ती तिकडेच ओढ घेणार, हे गृहीत धरा. ब्रेक दाबून अडकवून ठेवायची सोय नसेल, तर उतारावर ती तुमच्याशिवाय फिरायला जाईल. आणि घेण्याआधी घराचं दार मोजा.

घडीच्या सायकलीला लोक उगाच हसतात. ‘एवढीशी चाकं, पाय मारून मराल!’ साफ चूक. सोळा इंची चाकाचा घेर साधारण 1.3 मीटर. पुढे 50 दात्यांचं चक्र आणि मागे 13 दात्यांचं असलं की पायडलच्या एका फेऱ्यात पाच मीटर जाता येतं. खरी अडचण खड्ड्याची: मोठं चाक ज्यावरून जातं, त्यात हे उतरतं. बिजागरीची पकडही अधूनमधून तपासावी; ती कुरकुरली की कान द्यावा.

माझा जीव मात्र रेलून बसायच्या सायकलीवर. पाठीला टेकण, पाय पुढे, मनगटं मोकळी. 1933 मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोर यांनी शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलीवर तासाभरात 45.055 किलोमीटर कापून विक्रम मोडला, तर पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेनं या प्रकाराला शर्यतींतून बाहेर काढलं. आरामात बसून जिंकणं कुणाला बघवतं?

निघणं तेवढं जिकिरीचं. थांबण्याआधीच हलका गियर टाकून ठेवायचा. निघताना ब्रेक दाबून एक पाय वरच्या पायडलवर ठेवायचा. मग ब्रेक सोडून जोरात रेटायचं आणि दुसरा पाय लगेच उचलायचा. तो रेंगाळला तर तोल गेलाच. नजर दूर, पायांकडे बघितलं की सायकल नागमोडी. चढावर उभं राहून दाबता येत नाही, खड्ड्यावर बूड उचलता येत नाही. चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब, म्हणजे तेल-पुसणंही तेवढंच. शिवाय बैठक इतकी खाली की मोटारवाल्यांना दिसायला मागे उंच काठीला झेंडा लावावा लागतो. कुत्र्यांना तो लागत नाही. त्यांचं आणि आपलं तोंड एकाच उंचीवर येतं.