अर्धा अँपिअर

पूर्णेच्या खोऱ्यात कापूस पिकतो, तूर पिकते, हरभरा पिकतो. उतार तेवढा पिकत नाही. जुनी डिझेल जीप बाळगणाऱ्या माणसाला भूगोलातली ही उणीव फार जाचते, कारण बॅटरी उतरलेली गाडी उतारावरून सोडून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून चालू करायची असते. दर्यापूरकडच्या आमच्या गावात उतार म्हणावा असा एकच आहे. तो ग्रामपंचायतीसमोर आहे आणि तिथे कायम दुसऱ्या कुणाची तरी जीप उभी असते, तीही याच कारणासाठी.

आमच्या जीपच्या दुखण्याचा विशेष असा की ती रोज बंद पडत नसे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सेल, म्हणजे स्टार्टर, मारला की गाडी पहिल्या झटक्यात चालू होई, तिसऱ्या दिवशी जरा कण्हत का होईना होई, आणि पुढच्या बाजाराच्या सकाळी, तुरीची पोती मागे लादून झाल्यावर, नुसती ‘टक्’ म्हणे. गाडीला बाजाराचा वारच लागतो, असा निष्कर्ष गावाने यातून काढला. त्यासाठी लिंबू उतरवण्याचा खर्च बॅटरीपेक्षा कमी येतो हेही पटवून देण्यात आले.

तालुक्याच्या बॅटरीवाल्याने आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालून बॅटरीची सहाही घरे तपासली. सगळीकडे बाराशे साठच्या आसपास आकडा आला, म्हणजे बॅटरी धडधाकट. तिच्यात विहिरीचे पाणी तर घातले नाही ना, असे त्याने संशयाने विचारले. हा प्रश्न आमच्या भागात योग्यच आहे, कारण खारपाणपट्ट्यातले पाणी माणसांच्या घशाखाली उतरत नाही, तर शिशाच्या प्लेटांनी काय करावे? मी डिस्टिल वॉटरची रिकामी बाटली पुरावा म्हणून दाखवली. तेथून डायनामोवाल्याकडे गेलो. आजकालच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो, पण आमच्याकडे तो डायनामो म्हणूनच ओळखला जातो. त्याने इंजिन चालू ठेवून मीटर लावला, चौदा व्होल्ट पाहिले आणि निकाल दिला, “चार्ज करते ना, भाऊ? मंग डायनामो चांगला हाय.”

शेजारचे काकाजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आहेत. त्यांचा उपाय सर्वांत स्वस्त होता. “भाऊ, रातच्याले वायर काढून ठेवत जा, सकायी लावत जा. झगडाच नाही.” उपाय बिनचूक होता आणि म्हणूनच तो मला सहन होईना. माझ्याच अंगणात, माझ्याच बॅटरीतून कोणीतरी रोज रात्री वीज पीत असेल, तर त्याला उपाशी ठेवण्यापेक्षा तो कोण आहे हे कळणे मला जास्त महत्त्वाचे वाटले. सौ.च्या मते हा स्वभावदोष आहे.

मग मीटर आणला. बॅटरीची गळती मोजायची रीत सोपी आहे: ऋण टोकाची वायर दहा नंबरच्या पान्याने सोडवायची आणि मीटरची एक पिन त्या टोकाला, दुसरी सुटलेल्या वायरला लावायची, म्हणजे जी वीज वाहील ती मीटरमधून मोजली जाऊन वाहील. मात्र लाल पिन मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात घालावी लागते आणि मीटर मध्ये असताना सेल अजिबात मारायचा नसतो. डिझेल गाडीचा सेल शेकडो अँपिअर ओढतो, त्यापुढे मीटरचा फ्यूज क्षणभरही टिकत नाही. म्हणून चावी मी सौ.च्या स्वाधीन केली. तिने ती इतकी जपून ठेवली की पुढे दोन तास सापडली नाही.

चावी काढलेल्या, दिवे विझलेल्या, सर्वार्थाने झोपलेल्या त्या गाडीत मीटरने ०.५२ दाखवले. अर्धा अँपिअर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण चोवीस तासांत तो बारा अँपिअर-तास खातो. आमची बॅटरी पंचाहत्तरची, म्हणजे एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत ती साफ होते. वार लागण्याचे रहस्य असे तिसरीच्या गुणाकारात सुटले. इतक्या जुन्या गाडीत, जिला संगणक वगैरे काही नाही, चावी काढल्यावर फार तर घड्याळापुरते काही मिलिअँपिअर वाहायला हवेत.

आता एकेक फ्यूज काढून पाहायचा, आणि ज्याच्या काढण्याने आकडा पडेल तो गुन्हेगार. भाच्याला मीटरसमोर बसवून मी बोनेटमध्ये वाकलो. मीटरमध्ये आपोआप बंद होण्याची सोय होती, त्यामुळे प्रत्येक थोड्या वेळाने मीटर झोपी जाई आणि भाचा आनंदाने ओरडे, “मामा, झीरो झाला!” पहिल्या खेपेला आम्ही टेपरेकॉर्डरला दोषी ठरवून त्याच्या वायराही तोडल्या. तो निर्दोष होता. संगीत वाजवणारा हॉर्नही निर्दोष निघाला. देवाच्या फोटोमागचा लाल दिवा, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता पण तो काढायला हात कुणाचाच धजत नव्हता, फक्त वीस मिलिअँपिअर घेत होता. शेवटी फ्यूजची सगळी पेटी रिकामी झाली आणि मीटर ०.५० वर ठाम राहिला. कठड्यावर बसून पाहणाऱ्या मंडळींनी लिंबाची आठवण पुन्हा करून दिली.

काकाजींनी इथे मात्र अनुभवाचा प्रश्न विचारला. फ्यूजच्या पेटीत न जाता बॅटरीकडून थेट जाणाऱ्या जाड वायरी कोणत्या? एक सेलकडे जाते, दुसरी डायनामोकडे. बॅटरी सोडवून डायनामोची जाड वायर काढली, तिचे टोक रबरात गुंडाळले आणि मीटर पुन्हा जोडला. या वेळी मीटर जागा होता आणि तरीही आकडा जवळजवळ शून्य होता.

अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. डायोड तिला एकाच दिशेने, बॅटरीकडे, सोडतात आणि रात्री परत फिरू देत नाहीत. त्यातला एखादा कमजोर झाला की दिवसा चार्जिंग चालू राहते आणि रात्री तीच वीज मागच्या दाराने गळते. कुंपणाने शेत खाल्ल्याचे इतके शुद्ध उदाहरण शेतकऱ्याच्या दारातही क्वचितच दिसते. चौदा व्होल्ट पाहून डायनामोला निर्दोष सोडणारा कारागीर त्यामुळे खोटा नव्हता. त्याने साक्ष फक्त दिवसाची घेतली होती.

रात्रीचा साक्षीदारही गाडीतच होता. असा डायोड गळत असला की चार्जिंगचा लाल दिवा चावी काढल्यावरही मंद जळत राहू शकतो. आधीच्या मालकाने बहुधा तो डोळ्यांत जातो म्हणून त्याच्यावर शेगावहून आणलेले गोल स्टिकर चिकटवले होते. वायर आणि फ्यूज परत जोडून ते मी नमस्कार करून, नखाने, कडेकडेने सोलले. खाली अंधारात तो दिवा मिणमिणत होता.

डायोडची प्लेट बदलून आणली. आता गळती घड्याळापुरती आहे. स्टिकर कुठे लावावे यावर घरात बराच वाद झाला. पुन्हा दिव्यावर लावायला माझा विरोध होता आणि काढलेले फेकायला सौ.चा. अखेर ते मीटरच्या पाठीवर लावले आहे. काकाजी तो मीटर उसना न्यायला येतात तेव्हा आधी त्याला हात जोडतात आणि मग आपल्या ट्रॅक्टरची वायर सोडायला पान्याचीही मागणी करतात.