पटसंख्या आणि गुणवत्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील नगरपरिषद शाळेवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. चौथीतील मुलांना धड वाचता येत नाही, शिष्यवृत्तीच्या यादीत या शाळेचे नाव कधी नसते, ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे आकडेही हेच सांगतात, शिक्षक पगारापुरते येतात, आणि म्हणून पन्नास-साठ मुलांची ही शाळा बंद करून मुले दुसऱ्या शाळेत पाठवावीत, असे आपले म्हणणे आहे.

शिष्यवृत्तीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर निकालात निघतो. ही शाळा चौथीपर्यंतच आहे आणि २०१७ ते २०२५ या वर्षांत प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीत घेतली जात होती. साहजिकच येथून बाहेर पडलेले मूल यादीत आले, तरी नाव पुढच्या शाळेचे लागते. ‘असर’चे सर्वेक्षण मोलाचे आहे, पण ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केले जाते, त्यावरून शहरातील एका शाळेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

वाचनाबद्दलची आपली तक्रार मात्र खरी आहे आणि मला ती टाळायची नाही. तिसरी-चौथीतील काही मुले जोडाक्षरांशी अडखळतात, आणि घरची गरिबी हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. फक्त कारण शोधताना आपण शिक्षकांच्या वृत्तीपाशी थांबता आणि मी पटापाशी जातो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार असे प्रमाण आहे. ३० मुलांमागे एक शिक्षक, हे ऐकायला पुरेसे वाटते. पण मुले ३० असोत वा १५, इयत्ता चारच असतात. दोन शिक्षकांच्या शाळेत प्रत्येकाकडे दोन इयत्ता येतात, म्हणजे मुलाला दिवसाच्या निम्म्याच वेळी शिक्षक मिळतो. हे पाहून ज्यांना परवडते ते पालक मूल काढून घेतात, पट आणखी घटतो आणि पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर होतात तेव्हा, उरलेले पदही धोक्यात येते. आपण ज्याला शाळेच्या नालायकीचा पुरावा मानता, तो कमी पट माझ्या मते तिच्या दुखण्याचे मूळ आहे.

त्यात वर्गात येणारी मुले कोण आहेत, हेही पाहावे लागते. काहींचे आईवडील बांधकामाच्या कामासाठी विजापूर-कलबुर्गीकडून आलेले आहेत, तर काहींचे नेपाळहून होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत कामाला आलेले. घरात कन्नड किंवा नेपाळी बोलणारे मूल पहिलीत मराठी पाठ्यपुस्तक उघडते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, पण पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत असल्याने गावी गेलेली खलाशांची कुटुंबे त्यानंतरच परततात. जूनमध्ये शिकवलेले शिक्षकांना ऑगस्टमध्ये पुन्हा शिकवावे लागते, आणि तेवढा वेळ दुसरी इयत्ता स्वतःच्या भरवशावर बसते.

अशा वर्गात शिकवणे कसे चालते, हे मी मागे बसून पाहिले आहे. तिसरीला उतारा लिहायला देऊन बाईंनी चौथीला फळ्यावर ४०२ वजा १७८ हे उदाहरण घातले. एका मुलाने उत्तर काढले ३७६. प्रत्येक घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, कोणता अंक वर आहे याची पर्वा न करता. बाईंनी उत्तर खोडले नाही. शंभर काड्यांचा गठ्ठा सोडून त्याचे दहा-दहाचे जुडगे केले, त्यातला एक सुटा केला आणि दशकाच्या घरातले शून्य ओलांडून हातचा कसा येतो, हे त्याच्याकडूनच मोजून घेतले. २२४ आले तेव्हा पुढचे उदाहरण तो न विचारता सोडवू लागला. तोवर तिसरीतील तीन मुलांचा उतारा अर्धवट राहिला होता. पगारापुरती येणारी व्यक्ती एका चुकीवर एवढा वेळ देत नाही. आणि तो वेळ तिसरीच्या वाट्याचा होता, हेही तितकेच खरे.

याशिवाय मतदार यादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे आहेच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांसाठी शिक्षकांना जुंपण्यास मुभा देते. दोन शिक्षकांपैकी एक त्या कामावर गेला, की चारही इयत्ता एकाकडे येतात.

राहिला शाळा बंद करण्याचा प्रश्न. दोन लहान शाळा एकत्र केल्या तर चार इयत्तांना चार शिक्षक मिळतील, हा आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. परंतु ज्यांची आई पहाटेच मासळी बाजारात जाते, त्या सहा वर्षांच्या मुलांना रहदारीच्या रस्त्याने लांबच्या शाळेत कोण सोडणार? त्यातली काही मुले शाळेतूनच गळतील, याची मला खरी भीती वाटते. म्हणून माझी मागणी याच शाळेला तिसरा शिक्षक देण्याची आणि निदान पहिलीचा वर्ग स्वतंत्र ठेवण्याची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तसा ठराव त्यांनी करून नगरपरिषदेकडे पाठवावा, असे मी त्यांना सुचवले आहे. आपण याच प्रभागात राहता, असे आपण लिहिले आहे. त्या ठरावासोबत रहिवाशांचे निवेदन जाणार असून, शाळेबद्दल आपल्याला एवढी कळकळ आहे तर त्यावर आपली सही असावी, अशी माझी विनंती आहे.