फ्रान्समध्ये एकट्याने गाडी काढताय? मोटारवे सोडा, एक नदी धरा

आपल्याकडून फ्रान्सला जाऊन गाडी चालवणारे बरेच जण पॅरिस ते नीस असा बेत आखतात. 900 किलोमीटरच्या वर अंतर, तेही टोलच्या रस्त्याने. त्यात गावाकडचा फ्रान्स दिसतच नाही. एकट्याने जायचं असेल तर दिवसाला 70 किलोमीटर पुष्कळ झाले, असं माझं ठाम मत आहे.

नैऋत्य फ्रान्समधल्या लोत जिल्ह्यातला काओर ते फिजाक हा रस्ता घ्या. काओरहून लोत नदीच्या काठाने निघायचं, पुढे डी 662 (डी म्हणजे जिल्हा रस्ता) धरायचा, कोंदुशेला डी 41 वर वळून सेले नदीचं खोरं धरायचं. न थांबता गेलात तर दीडेक तासाचं काम. पण वाटेत काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा आहे. तिच्यातले ठिपक्यांचे घोडे 25,000 वर्षांहून जुने आहेत. दिवसाला 700 जणांनाच आत सोडतात, म्हणून तिकीट आधी काढा आणि सगळा दिवस त्या वेळेभोवती बसवा.

सेलेच्या खोऱ्यात कडा काही ठिकाणी छपरासारखा रस्त्यावर झुकलेला आहे. रस्ता अरुंद आणि समोरून कॅम्पर व्हॅन. इथे आपल्या लोकांची एक ठरलेली चूक होते. आपल्या गाडीत बहुतेक गाडी आपल्या डावीकडे असते, तिथे ती उजवीकडे असते. जुन्या सवयीने बसलं की गाडी नकळत उजवीकडे सरकते आणि उजवा आरसा नाहीतर चाक कठड्याला घासतं. उपाय सोपा आहे: आपला डावा खांदा रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ ठेवायचा. गिअर उजव्या हाताला येतो. त्याची धास्ती असेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवा, कारण ती महाग पडते आणि ऐनवेळी मिळेलच असं नाही.

दुसरा धोका उजवीकडच्या गल्लीचा. चौकात पाटी किंवा खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारीक असो. पिवळी, हिऱ्याच्या आकाराची पाटी दिसली तर हक्क तुमचा. तिच्यावर काळी रेघ असली की तो संपला. लाल किनारीच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव आलं की वेगमर्यादा 50, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. गावाबाहेर साधारण 80. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा 90 केली आहे, तेव्हा पाट्या वाचत चला.

पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. हे नाव ऐकून गॅसोलीन, म्हणजे पेट्रोल, समजणारे फसतात. पेट्रोलला ‘एसाँस’ म्हणतात, नळीवर ई 5 किंवा ई 10 असतं. ई 85 साध्या गाडीत घालायचं नाही. चुकून भलतंच भरलं गेलं तर इंजिन चालूच करू नका, तिथूनच गाडीवाल्या कंपनीला फोन करा. सुपरमार्केटचे पंप स्वस्त असतात, पण माणूस नसला की फक्त पिनवालं कार्ड चालतं आणि भरलेल्या तेलापेक्षा बरीच मोठी रक्कम काही काळ अडकून राहते. म्हणून दोन कार्डं ठेवा. आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही न्या. तो वर्षभर चालतो.

एकट्याला नकाशा वाचून दाखवायला कोणी नसतं. खोऱ्यात मोबाइलची रेंजही जाते. म्हणून नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या आणि मिशलँ (टायरवाली मिशेलिन) कंपनीचा 1:2,00,000 चा कागदी नकाशाही शेजारच्या सीटवर ठेवा. त्यावर ज्या रस्त्याला हिरवी कड आहे तो देखणा, एवढं कळलं तरी दिवस सत्कारणी लागतो.

जेवणाची वेळ मात्र पाळायलाच हवी. खेड्यातल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर 12 ला उघडतं आणि दीड-दोनला बंद होतं, सोमवारी तर अनेकदा उघडतच नाही. सकाळीच बेकरीतून पाव आणि सोबत त्याच भागातलं रोकामादूर चीज घेऊन ठेवा. काओरची गडद माल्बेक वाइन चाखायची असेल तर मुक्कामी पोचल्यावर. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि एकट्या माणसाकडे दुसरा ड्रायव्हर नसतो.

फिजाकला उजेड असताना पोचा. गाडी जुन्या गावाबाहेर लावून आत चालत जा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शाँपोलियाँ 1790 मध्ये याच गावात जन्मला. त्याच्या संग्रहालयाजवळच्या चौकात, ती लिपी ज्या शिळेवरून उलगडली त्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर अंथरलेली आहे आणि तिच्या अक्षरांवरून चालता येतं.