जीपच्या इंजिनच्या रंगाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. तुम्ही लिहिलंय की लातूरच्या या गॅरेजनं इंजिन न उतरवता वरवर रंग फासला, पाणी मारून धुतलंसुद्धा नाही, मागची बाजू तशीच सोडली, पहिल्याच दिवशी बॉनेटमधून धूर निघाला, आठ दिवसांत मॅनिफोल्डच्या (जळालेला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीच्या) रंगाचे पापुद्रे सुटले, टॅपेट कव्हरखाली (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाखाली) फुगे आले आणि आता गाडी गरम होते. वडिलांची जीप आहे, म्हणून तुमचा जीव जास्त तुटतोय हे समजतं.

मॅनिफोल्डची चूक पूर्ण आमची आहे. ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाला, जो इंजिन एनॅमल रंग मारतात, तो साधारण 260 अंशांपर्यंत टिकतो. ब्लॉकला तेवढा पुरतो, कारण आतून पाणी फिरत असतं. मॅनिफोल्डमधून मात्र जळालेला गॅस सरळ बाहेर पडतो. लोडवर, चढावर तो याच्या कितीतरी पुढं तापतो. तिथं 600 अंशांचा चंदेरी हीटप्रूफ रंगच लागतो. सगळं एकसारखं दिसावं म्हणून आमच्या पोरानं तोच डबा तिथंही फिरवला. त्याला बोल लावणार नाही, गाडी तपासून बाहेर सोडायचं काम माझं होतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय, बदलून घेऊ, असं मी म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, बहिणीचं लग्न होऊन जाऊ द्या, मग बघू. तरी मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. वायर ब्रशनं कितीही घासा, थिनरनं कितीही पुसा, वरून तेल झिरपत राहिलं की ते रंगाच्या खाली शिरतं, आधी फुगा येतो आणि मग पापुद्रा सुटतो. गळक्या इंजिनला रंग मारायचा नाही, हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत मी केली नाही.

पाणी मात्र मुद्दाम मारलं नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही इंजिन प्रेशरनं धुणं बंद केलं, आणि पुढं पाऊस चांगला झाला तरी पुन्हा सुरू केलं नाही. प्रेशरचं पाणी सेल्फमध्ये, अल्टरनेटरमध्ये, वायरिंगच्या सॉकेटमध्ये जातं. तुमचं इंजिन आधी डिझेल आणि ब्रशनं धुतलं, मग डिझेलचा तेलकट थर थिनरनं दोनदा पुसला. याला पाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

आता इंजिन न उतरवण्याबद्दल. उतरवायचं म्हटलं की रॅडिएटर काढा, पाइप, तारा, माउंटिंग सोडवा, गिअरबॉक्सपासून वेगळं करा, चेन ब्लॉक लावा, आणि परत बसवताना सगळी पॅकिंग नवी. तुमच्या हातात चार दिवस होते. जागेवर रंगवणं म्हणजे फसवणूक नव्हे, त्यातही काम असतं: बॅटरीची तार काढायची, पट्टा, अल्टरनेटर, सेल्फ, डिझेलच्या नळ्या झाकायच्या, अर्थिंगची जागा कोरी ठेवायची. आरटीओत पासिंगला इंजिन नंबर वाचता यावा लागतो, म्हणून त्यावर टेप लावतो. तुमचा नंबर स्वच्छ आहे, बघून घ्या. पण ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याकडची बाजू आणि चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा) मागचा भाग इथं हातच पोचत नाही. हे मी तोंडी सांगितलं होतं, बिलावर लिहिलं नाही. आजपासून प्रत्येक बिलावर लिहितोय.

पहिल्या दिवशीचा धूर नव्या रंगाचा. तो तापूनच पक्का होतो, तेव्हा थोडा धूर आणि वास येतोच. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, म्हणजे वऱ्हाडाच्या गर्दीत बॉनेट उघडून घाबरायची वेळ आली नसती. त्याबद्दल माफी मागतो.

गाडी गरम होण्याचं कारण मात्र रंग नाही. रंगाच्या पातळ दोन हातांनी इंजिन तापत नाही. उष्णता पाणी नेतं आणि रॅडिएटर बाहेर टाकतो. तुमच्या रॅडिएटरचं झाकण उघडलं होतं तेव्हा आत पांढरा थर दिसला होता. आपल्याकडं बोअरचं पाणी सर्रास ओततात. त्यातले क्षार नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत बसतात, आणि मे महिन्याच्या उन्हात त्याचा हिसका दिसतो. दादा, रंग जाऊ द्या, मला याचीच जास्त काळजी आहे. काटा वर चढत असेल तर गाडी चालवू नका. हेड (ब्लॉकवर बसणारा भाग) वाकलं किंवा हेडचं पॅकिंग गेलं तर खर्च रंगाच्या कितीतरी पट होईल. गरम असताना झाकण उघडू नका.

मॅनिफोल्ड आम्ही कोरं घासून योग्य रंग लावून देऊ. टॅपेट कव्हर काढून नवं पॅकिंग टाकू आणि तिथला रंग पुन्हा करू. या दोन्हीचे पैसे घेणार नाही, पॅकिंगचेही नाही. रॅडिएटर तपासायचे पैसे नाहीत. साफ करावा लागला तर आधी दर सांगू, करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मागची बाजू हवीच असेल तर इंजिन उतरवायला किमान आठ दिवस धरा.

गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही टो करून आणू. कामाच्या आदल्या संध्याकाळी आलेली बरी.