आमच्या बागेचं पानही हाललं नाही

आज चर्चच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, वेळ झाली आणि माझं डोकं फिरलं. घरी येऊन जेवलो, आडवा झालो, झोप काही लागली नाही. म्हणून लिहितोय.

शुक्रवारच्या वादळात आमच्या चोपड्याकडच्या केळीचं काय झालं ते खान्देशातल्यांना सांगायला नको. एका खांबाला एकच घड, तोही वर्षभर खत-पाणी घातल्यावर. खांब मोडला की विषय संपला, कोवळ्या घडाला व्यापारी हात लावत नाही. आणि आज एक भाऊ उभे राहून म्हणतात, "आजूबाजूच्या बागा आडव्या झाल्या, पण आमच्या बागेचं पानही हाललं नाही. प्रभू आपल्या लेकरांना राखतो!" सगळी मंडळी हालेलुया. दोन बाक मागे एक मावशी बसली होती, त्याच आडव्या बागांपैकी एकीत मजुरीला जाणारी. तीही हालेलुया म्हणाली. तिथे मला राहवलं नाही, बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

मग शेजारचा कोणाचं लेकरू, भाऊ?

माझी आजी केळीच्या बागेत मजूर होती. स्वतःची वीतभर जमीन नाही. मी चौथीत असताना असंच मृगाच्या तोंडावर वादळ आलं आणि ती जायची ती अख्खी बाग झोपली. रात्री कंदिलाच्या उजेडात भाकरी आणि ठेचा. आम्ही पोरं हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून बसलेलो. रोज ती लांबलचक प्रार्थना करायची. विहिरीच्या पाण्यापासून पायातल्या चपलेपर्यंत सगळ्याचे उपकार मानायची, भाकरी पार थंड व्हायची. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "देवबाप्पा, आज मन्हा तोंडमा आभार नही. भाकर शे, ती पोरेसले पुरू दे. आमेन." आम्ही खूश, जेवण गरम मिळालं.

आजच्या मंडळीत कोणी असं म्हटलं तर पाळकसाहेब घरी भेट द्यायला येतील, विश्वास कमी पडतोय म्हणून. बायबलमध्ये पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलंय ना, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मान्य, लिहिलंय. पण देवाला उपकारस्तुतीचा प्रयोग करून दाखवा, असं नाही लिहिलं. आणि लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, तो स्वतःला फार धार्मिक समजणारा? त्याचीही प्रार्थना आभारांपासूनच सुरू होते! मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार. हे वचन आपण शंभरदा ऐकलंय, आणि दर रविवारी तेच करतो. पोरगं पास झालं, साक्ष. अपघातात दुसरे गेले, आम्ही वाचलो, साक्ष. ज्यांचे गेले ते त्याच बाकावर बसलेले असतात हो.

बरं, येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच आभार मानायला परत आला आणि येशूने बाकीच्या नवांची चौकशी केली, हेही खरं. उघड आभार मानूच नयेत असं माझं म्हणणं नाही.

आजीचं पुढचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, पडलेले खांब तोडून बांधावर टाकायचेत, या. आठ-दहा दिवसांचं काम निघालं. त्या रात्री प्रार्थना परत लांब झाली. मजुरी मिळाली म्हणून आभार, आणि लगेच मालकाचं नाव. त्याची बाग गेली, त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय, त्याच्याकडे पाहा. मग जरा थांबली आणि म्हणाली की त्याच्या नुकसानीचा पैसा आपल्या घरात आलाय, तो गोड लागू देऊ नको. पैसा गोड लागू नये म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या प्रार्थनेत मालक होता, मुकादम होता, आम्ही होतो. आजच्या साक्षीत फक्त एक बाग होती.

उपासना सुटल्यावर मावशीला गाठलं. म्हणाली, उद्यापासून खांब उचलायला बोलावलंय. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

हे सगळं रागात लिहिलं. लिहिता लिहिता आठवलं की त्या भाऊंची अख्खी पिलबाग, म्हणजे जुन्या खांबाच्या पिलांवर धरलेली केळीची बाग, दोन वर्षांपूर्वी अशीच झोपली होती. तेव्हा ते दोन महिने उपासनेला फिरकले नव्हते, आणि आपल्यापैकी कोणी त्यांच्या घरी गेलं नव्हतं. मीही नाही. माणूस घाबरलेला असला की जरा मोठ्याने बोलतो, असंही असेल.

आत्ताच त्यांचा मेसेज आला. "जय ख्रिस्त भाऊ, बागेतली केळी उतरवलीत, उद्या दोन फण्या पाठवतो."

अजून उत्तर दिलेलं नाही.