‘दोन मिनिटांत हवा संपते’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. “रॉकेट दोन मिनिटांत हवेबाहेर जातं, पुढे नुसती पोकळी. मग वातावरणाची मॉडेलं कशाला? निफाडला अवकाळी कधी पडेल हे ज्यांना सांगता येत नाही, ते रॉकेटचा मार्ग काय आखणार?” गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्याचा राग मला समजतो. पण हा मेसेज चुकीचा आहे, आणि मुलंही तो वाचतायत.

आधी त्या दोन मिनिटांचं बघू. रॉकेटची खरी परीक्षा त्यातल्या पहिल्या मिनिट-सव्वा मिनिटातच होते. वेग वाढत असतो, हवा विरळ होत असते, आणि साधारण १० ते १५ किलोमीटर उंचीवर हवेचा मारा सगळ्यात जास्त बसतो. जोरदार वारेही बहुधा त्याच पट्ट्यात. संक्रांतीला येवल्यात पतंग उडवणाऱ्याला हे ठाऊक असतं, गच्चीवर पान हलत नाही आणि वर पतंग मांजा खेचत असतो. आडव्या वाऱ्याने रॉकेटवर वाकवणारा भार येतो. म्हणून त्या ऋतूतल्या वाऱ्यांच्या नोंदींवरून मार्ग आखतात, उड्डाणाआधी फुगे सोडून वरचा वारा मोजतात. तो मर्यादेबाहेर असला तर उड्डाण थांबवतात.

अवकाळीशी तुलनाच गैरलागू आहे. अमुक गावात अमुक वेळी गारा पडतील का, हा प्रश्न वेगळा. रॉकेटला मॉडेलकडून हवं असतं ते एवढंच, की कोणत्या उंचीवर घनता, तापमान आणि वारा किती, आणि त्यात फार तर किती फरक पडेल.

आणि ‘पुढे पोकळी’? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, तरी हवेच्या घर्षणाने महिन्याला साधारण २ किलोमीटर खाली येतं, पुन्हा वर ढकलावं लागतं. सूर्य खवळला की तिथली हवा फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये २१० किलोमीटरवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळपास ४० सौरवादळामुळे गेले.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या रात्री, २ एप्रिलला, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे गेलेले आठवतात? चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं कडं पडलं. ते तुकडे एका चिनी रॉकेटचे, फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या. त्याचा उरलेला भाग वर्षभर फिरत राहिला, दर फेरीत पृथ्वीजवळ येताना याच विरळ हवेला घासत.